वायफायच्या यादीत आपलं आडनाव

बाबा, आता घरावर पाटी लावली नाही तरी घराचं नाव बाहेर दिसतं. तुम्हाला हे समजायला जरा वेळ लागेल. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे फोन म्हणजे कोपऱ्यातल्या स्टुलावर, आईने विणलेल्या झाकणाखाली बसलेला असायचा, आणि तो वाजला की तुम्ही आधी अंगात शर्ट घालायचात आणि मग उचलायचात. आता तो खिशात असतो आणि त्याला इंटरनेट लागतं. घरात ते एका पांढऱ्या डबीतून येतं, हवेतून, वायर नाही काही नाही. त्यालाच वायफाय म्हणतात. डबीला एक नाव द्यावं लागतं, म्हणजे फोनला कळतं की कोणत्या डबीला जोडून घ्यायचं. पण ते नाव फक्त आपल्याच फोनला दिसत नाही. शेजाऱ्याला दिसतं, खालच्याला दिसतं, रस्त्यावर स्कूटर थांबवून उभा आहे त्यालाही दिसतं. कोणीही फोन उघडून यादी पाहिली की आसपासच्या घरांची नावं एकाखाली एक हजर. आत शिरायला पासवर्ड लागतो, नाव वाचायला काहीच लागत नाही. मी दमलो आहे बाबा, आणि या वेळी त्याला कारण ही डबी आहे.

पिपरी मेघेला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने आलो ते उन्हाळ्यात. माझी बदली वर्ध्याला झाली, बायकोचं हॉस्पिटल इथून जवळ, पोरीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. सगळं जुळून आलं होतं. त्याआधी किती घरं पाहिली ते सांगत नाही, तुम्हाला अंदाज आहेच. प्रत्येक ठिकाणी नळ चांगला, गॅलरी चांगली, घरमालक तर फारच चांगला, चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. आणि मग तो एक प्रश्न, हसत हसत. ‘पूर्ण नाव काय म्हनले तुम्ही?’ पूर्ण नाव सांगितलं की त्याच संध्याकाळी त्याचा भाचा नागपूरहून राहायला येणार असतो. वर्धा जिल्ह्यातले इतके भाचे नागपूरला शिकतात हे मला घरं शोधतानाच कळलं.

म्हणून इथं मी तुमची रीत वापरली. खाली घरमालकीण काकू एकट्याच राहतात, मुलगा पुण्याला. त्यांनी नाव विचारलं तेव्हा माझं सांगितलं, मग तुमचं सांगितलं, आणि तिथं थांबून लगेच म्हणालो, ‘काकू, पाण्याची टाकी वेगळी आहे का?’ तुमचं नाव असं आहे की कोणीही ते आपल्या घरातलं समजावं. काकूंनी आपल्या मनाने काय समजायचं ते समजून घेतलं. ऑफिसातल्या एकाने शब्द टाकला होता, त्यामुळे कागद वगैरे काही झाला नाही. भाडं त्यांना हातातच लागतं. पार्सलं मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो. आणि काकू माणूस म्हणून खरंच चांगल्या. बायको रात्रपाळी करून आली की खालूनच विचारणार, ‘काऊन सिस्टर, जेवल्या का नाई?’ पोरीला तर त्यांनी नातच करून टाकलं. आजीच्या हातची कढी आणि हिच्या हातची मेंदी, असा व्यवहार चालायचा.

कारंज्याचं आपलं घर तुम्हाला आठवतं का, असं विचारणार होतो, पण मेलेल्या माणसाला काय विचारायचं. मला आठवतं. हायवेच्या पलीकडे ती दोन खोल्यांची जागा, दिवसभर ट्रक, आणि आईचं स्वयंपाकघर इतकं लहान की ती पोळ्या लाटायला बसली की आम्हाला ओलांडून जावं लागायचं. आपल्याकडे सगळ्या भांड्यांवर नाव घातलेलं होतं. वर्ध्याच्या भांडेवाल्याकडून आईने हौसेने घालून घेतलेलं, टिपक्या-टिपक्यांनी, आडनावासकट. फक्त एक वाटी कोरी होती. शेजारी काही द्यायचं झालं की त्या वाटीतून जायचं, कारण पालथं केलं की वाचता येईल असं भांडं आपल्या दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही हा तुमचा नियम. एकदा शेजारच्या वहिनी मोठं पातेलंच मागायला आल्या. आई म्हणाली, ‘भाजी लागली हाय वं त्याले,’ आणि रिकामं पातेलं पदराआड धरून उभी राहिली. मी तिथंच अभ्यास करत होतो. मला तेव्हा आईचं फार हसू आलं होतं.

आणि दार. मला नुकतं जोडाक्षर जमायला लागलं होतं, आपल्या आडनावात आहे ते. शाळेतून खडूचा तुकडा आणला आणि पुढच्या दारावर पूर्ण नाव लिहिलं, चांगलं मोठं. माझं, तुमचं, आडनाव. तुम्ही ऑफिसातून आलात, सायकल लावली, दार पाहिलं. मला वाटलं शाबासकी मिळणार. तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढून माठाच्या पाण्यात बुडवला आणि दार पुसायला लागलात. शेजारी पाहत होते म्हणून तोंडावर हसू ठेवून, दाताआडून मला म्हणालात, ‘नाव वहीत लिहा लागते, दारावर नाई. कोनी पुढचं विचारलं त शाळेचं नाव सांगजो.’ मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, विसरलो तरी असतो. त्यानंतर खरोखर कोणी ‘बाळ, पूर्ण नाव काय?’ विचारलं की मी ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ असं सांगायचो आणि मोठी माणसं पोट धरून हसायची. मला वाटायचं मी विनोदी आहे.

तर डबी. फायबरवाला आला, वायर ओढली, डबी भिंतीला ठोकली आणि जाता जाता सांगून गेला की नाव-पासवर्ड फोनमधूनच बदलून घेजो. आधी तिला कंपनीचंच नाव होतं, मागे आकडे आणि अक्षरांचं शेपूट. पोरीने यादी काढून मला दाखवली. आमच्या गल्लीतली निम्मी घरं अशी कंपनीच्याच नावाने, कारण त्या घरांत कोणाला बदलता येत नाही. एक ‘माउली कृपा’. एक ‘फुकट्यांनो रिचार्ज करा’. एक नुसतंच ‘वहिनी’, ते कोणाचं हे अजून कळलेलं नाही. प्रत्येक नाव दोनदा, एकाच्या मागे फाइव्ह-जी. मी म्हटलं, हे दोन कायले? तर म्हणे, ‘पप्पा, एक दूरवर जाते पण हळू, दुसरं जोरात चालते पण भिंत आली की गळपटते.’ म्हटलं, म्हणजे मी आणि तुझी आई. ती हसली, फोनमध्ये काहीतरी टाइप केलं आणि मी चहा ठेवायला गेलो. तिने काय टाइप केलं ते मी पाहिलं नाही. माझा फोन तिनेच जोडून दिला, आणि एकदा जुळला की तो आपोआप जुळत राहतो, मग कोण कशाला यादी उघडून पाहतो.

रविवारी काकू वर आल्या, हातात फोन. त्यांचं नेट संपलं होतं आणि मुलाला व्हिडिओ कॉल करायचा होता. ‘पोरी, तुमचं वायफाय देजो बरं जरासं.’ पोरगी म्हणाली, ‘आजी, यादीत पहा ना, आमचं सगळ्यात वर दिसून राह्यलं.’ काकूंनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं. इंग्रजी अक्षरं जुळवत, तुटक तुटक. आपलं आडनाव, मागे ‘होम’. मी भाजी निवडत होतो. माझे हात थांबले ते मला दिसले. काकू म्हणाल्या, ‘हे कोनाचं?’ पोरगी म्हणाली, ‘आमचंच ना आजी, आडनाव हाय आमचं.’ इतक्या सरळ म्हणाली, बाबा, जसं काही तिला कोणी चपलेचा नंबर विचारला. काकू एक ‘असं का’ म्हणाल्या. मग पासवर्ड टाकून घेतला, जिन्यातच बसून मुलाशी बोलल्या, आणि खाली गेल्या. कढीचं पातेलं घेऊन जा म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

मी काय केलं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी लवकर घरी आलो, कंपनीचं ते ॲप उघडलं, नावाच्या चौकोनात बोट ठेवून आडनाव एकेक अक्षर खोडलं आणि काहीतरी आकडे घातले. मग त्याच्याखाली दिसलं की नाव लपवायचीही सोय आहे. एक खूण काढली की डबी चालू राहते पण यादीत येतच नाही, ज्याला माहीत आहे त्यानेच हाताने टाइप करून जोडायचं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, तुमच्यासाठीच कोणीतरी बनवलं असेल. खूण काढली आणि माझा फोन हाताने जोडून घेतला. पण डबीचं नाव बदललं की जुन्या नावाने जोडलेलं सगळंच तुटतं, हे माझ्या ध्यानात नव्हतं. टीव्ही गेला, बायकोचा फोन गेला, आणि आतल्या खोलीत पोरीचा ऑनलाइन क्लास चालू होता तो गेला.

‘पप्पा, नाव काऊन बदललं?’ ती दारात उभी. मी म्हटलं, सेफ्टीसाठी. ‘कोनाच्या सेफ्टीसाठी?’ मी म्हटलं, तुले नाई समजत, घर मिळत नाई, तुझं शेवटचं वर्ष आहे, गुपचूप राहा. माझा आवाज चढला. तिचा नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि माझाच फोन हातात घेतला. म्हणे, ‘लपवून काही होत नाई पप्पा. उलटं होते. डबी आपलं नाव सांगत नाई ना, मंग तुमच्या फोनले सांगा लागते. तो जाईन तिथं विचारत फिरते, अमुक नावाची डबी हाय का इथं, अमुक नावाची डबी हाय का. ऑफिसात, बस स्टँडवर, भाजी बाजारात. ज्याले ऐकता येते तो ऐकते. उघडं ठेवलं असतं त फोन चूप बसला असता.’ मी म्हटलं, जास्त शहाणपणा नको शिकवू. ती उठून गेली, आणि मी बसलो तिथंच, आणि मला तुम्ही दिसलात. पोस्टात, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत. कोणी विचारण्याआधीच चेहऱ्यावर ती तयारी. आयुष्यभर तुम्ही नाव सांगितलं नाही, आणि दिवसातून किती वेळा ते मनातल्या मनात घेत असाल. मला तुमचा राग आला, खरं सांगतो. आणि मग इतकी दया आली की उठून तोंड धुवावं लागलं.

चार-पाच दिवसांनी काकूंनी जिन्यात गाठलं. माझ्याकडे न पाहता, तुळशीला पाणी घालत. ‘मुलगा येऊन राह्यला पुन्यावरून, कायमचा. वरची जागा लागन त्याले. दिवाळीपर्यंत पाहून घ्या म्हनलं तुम्ही.’ आता हा मुलगा रविवारी जिन्यातल्या त्या कॉलवर मोठ्याने सांगत होता की नोकरीत बढती झाली, पुण्याला फ्लॅट बुक केला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि आणखी काय काय ठरलं असेल त्या कॉलवर ते आम्ही ऐकलं नाही, पण जे ठरलं ते आमच्याच वायफायवर ठरलं, आमच्या आडनावाच्या डबीतून, आमच्या पैशाने. मी वर आलो, बायकोला सांगितलं. ती ड्यूटीवर जायला केस विंचरत होती. आरशात पाहूनच म्हणाली, ‘मले सामान बांधाचा लय कंटाळा आला हो आता.’ रडली नाही. तिची बस होती.

मग मी फोन काढला. का काढला विचाराल तर शौर्य वगैरे काही नव्हतं. घर तर गेलंच होतं, आता लपवून कोणता बंगला वाचवायचा होता? आकडे खोडले, आपलं आडनाव जसंच्या तसं पुन्हा घातलं, मागे ‘होम’, आणि ती खूण परत लावली. पोरीला सांगितलं नाही; लपवलेल्या नावाला तिने तिचं काही जोडूनच घेतलं नव्हतं, मोबाइलच्या नेटवर भागवत होती. आतल्या खोलीतून तिचाच आवाज आला, ‘लागलं!’ थोड्या वेळाने खालून काकूंचा आवाज आला, जिन्याच्या तळाशी उभ्या. ‘मधात तुमचं नेट बंद झालतं का? आज आपोआप लागलं बाप्पा.’ नाव तेच, पासवर्ड तोच, म्हणून त्यांच्या फोनने ओळखलं आणि जोडून घेतलं. फोनला काय कळतं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. म्हटलं, ‘काकू, नको असलं त त्या नावावर दाबून ठेवा. “नेटवर्क विसरा” असं येते खाली. ते केलं की फोन पुन्हा विचारत नाई.’ काकू वर पाहत राहिल्या. त्यांना सगळं समजलं होतं. म्हणाल्या, ‘राहू द्या ना, कायले. पोराचा चेहरा दिसते तेवढाच.’ आणि आत गेल्या. अजूनही रोज संध्याकाळी त्यांचा फोन आमच्या डबीला जोडलेला दिसतो मला. मी तोडत नाही. बायको म्हणते, म्हातारी आहे, राहू द्या. पोरगी म्हणते, मी असते त तोडलं असतं. मला दोघींचंही पटतं. बाबा, या वयात दोन्ही बाजू पटणं हा एक आजारच आहे.

काल बोरगाव मेघेला एक जागा पाहिली. पोरगी सोबत आली, मी नको म्हटलं तरी. घरमालक रिटायर्ड माणूस, अंगणात खुर्च्या टाकून बसला होता. नळ चांगला, गॅलरी चांगली, चहा आला. आणि तो प्रश्न आला, तसाच हसत. मी माझं नाव सांगितलं. मग तुमचं सांगितलं. आणि माझं तोंड उघडंच राहिलं, पाण्याच्या टाकीचं विचारायला. मी ठरवून गेलो होतो बाबा, देवाशपथ म्हणणार होतो पण देव आपण मानत नाही, तर तुमची शपथ. घरून निघताना गाडीवर मनात म्हणून पाहिलं होतं. तरी मी तिथंच थांबलो जिथं तुम्ही थांबायचात. मागे पोरगी हेल्मेट हातात घेऊन उभी होती. तिने आडनाव सांगितलं. मोठ्याने नाही, रागाने नाही, माझं वाक्य राहिलं होतं ते पूर्ण केल्यासारखं. त्या माणसाने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, ‘बरं, कळवतो.’ चहा आम्ही पूर्ण प्यायलो. येताना गाडीवर तिने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘नवीन घरी वायफायचं नाव काय ठेवाचं पप्पा?’ मी म्हटलं, आहे तेच. ती म्हणाली, ‘नक्की ना?’ मी म्हटलं, नक्की. त्याचा फोन अजून आलेला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, पेटी नाही आणि पत्ताही नाही. घरात कोणी नाही, माझं अक्षर कोणाला लागत नाही, हा कागद माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. म्हणून आत्ता पहिल्यापासून एकदा वाचून काढला. बाबा, एवढं सगळं लिहिलं, आणि आपलं आडनाव मी यात एकदाही लिहिलेलं नाही.